गालफडाचा रस्सा

मोहाडी
१९ नोव्हेंबर २०२४

श्रीमती आनंदाबाई यांना,

फोनवर बोलता आलं असतं. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटता आणि खानावळीतलं गिऱ्हाईक सगळं ऐकत बसतं, हे मला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे.

आमची सून दिवाळीला तुमच्याकडे, तिच्या माहेरी आली होती. तिला परत आणायला रविवारी आमचे हे साकोलीला आले. एवढंच काम होतं. तुम्ही त्यांना डुकराचं मटण खाऊ घातलंत. आमच्या आळीतला बंटी टेम्पो घेऊन तिकडे आला होता आणि तुमच्याच बाकड्यावर जेवायला बसला होता. हे आणि डिंपल बसनं घरी पोचायच्या आधी त्यानं इथल्या पानठेल्यावर सांगून टाकलं की श्यामराव माळकरी डुकराचं गालफड चोखत होता आणि रस्सा दोनदा मागून घेतला.

कार्तिकी एकादशीला आठवडासुद्धा झाला नव्हता. आमच्या दोघांच्याही गळ्यात माळ आहे. घरात अंडं येत नाही. लग्न जुळवताना हे तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही मान हलवली होती.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, सुनेनं प्रेमानं वाढलं, ताट कसं सरकवू. म्हणजे हे डिंपलचं काम. तिला मी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. चंद्रकुमारनं तिला त्याच संध्याकाळी गाडीवर बसवून तुमच्याकडे आणून सोडलं, ते माझ्या सांगण्यावरून. राग धरायचा तर माझ्यावर धरा, माझ्या मुलावर नको.

ती तिथेच राहू द्या. मी बोलावीन तेव्हा पाठवा. बोलावीनच असं नाही.

चंद्रकांता


साकोली
२५ नोव्हेंबर

विहीनबाई,

तुमचं पत्र भेटलं. वाचतानी वाटलं, पोस्टमननं दुसऱ्याच्या घरचं मले देलं. एखाद्या चोराले लिहिल्यावानी आहे.

डिंपलनं वाढलं नाई. ती तवा मांगच्या खोलीत बॅग भरत होती. तुमचे मालक, माहे इवाई, सोता चुलीपाशी येऊन बसले. गंजावरचं झाकन सोता उचललं अन् विचारलं, "आनंदाबाई, गाल ठेवला का?" बाकीचे गिऱ्हाईक मांडीचं मांगतेत, चापीचं मांगतेत. त्यायले गालच लागते. रविवारी मी तो त्यायच्यासाठी वेगळा काढून ठेवत असते.

आता तुमी म्हनसान, काढून ठेवत असते म्हनजे काय. त आइका. पोरगी पाहाले तुमी दोघं आलते, तुमी आत बायायसंग लुगड्याचं ठरवत बसल्या, अन् ते मांगच्या अंगनात जेवले. तवापासून साकोलीले काई काम निघालं का येतेच. माळ काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतेत, जेवन झालं का चूळ भरून परत घालतेत. मी एकदा म्हनलं, घरी सांगून टाका ना. त्यायनं म्हनलं, पापाचं भेव नाई वाटत, चंद्रकांताच्या तोंडाचं वाटते.

डुक्कर दिवसभर जबडा हालवत राहते, म्हून त्याच्या गालाचं मास घट्ट असते अन् त्याच्यावर चरबीचा जाड पापुद्रा असते. घाई केली त चामडं. सकाळपासून मंद आचेवर ठेवलं त बोटानं तुटते, जिभेवर विरघळते, अन् रस्सा ओठाले चिकटून राहते. ज्यानं एकदा खाल्लं तो माळ खिशात ठेवते, यात माहा काय गुन्हा?

माही पोरगी पार्सल नाई, तुमी म्हनलं का पाठवाले अन् नको म्हनलं का ठेवून घ्याले. तुमच्या मालकानं खोटं सांगून आपला जीव सोडवला अन् तिले समोर केलं. तुमाले समजलं नसन, त आता समजलं.

आनंदाबाई


मोहाडी
६ डिसेंबर

आनंदाबाई,

तुमचं पत्र मी ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि गोठ्यात निघून गेले. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही प्रश्नाला 'हूं' एवढंच उत्तर येतं. म्हणजे तुम्ही लिहिलं ते खरं आहे.

त्यानं तुमचा गुन्हा कमी होत नाही, वाढतो. एक बाई दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला तिच्यापासून लपवून जेवू घालते, लग्नापासून आजवर, आणि वरून लिहिते की त्याला बायकोच्या तोंडाची भीती वाटते. मी ह्यांच्यासोबत पहाटे काकड्याला बसले. ह्यांच्यासाठी घरात लसूणसुद्धा बंद केला. आणि हे तुमच्या अंगणात बसून रस्सा मागत होते. तुम्ही मला कळवायला हवं होतं. तुम्हाला मजा वाटत होती, म्हणून कळवलं नाहीत.

डिंपललाही माहीत असणार. तिनं मला कधी सांगितलं नाही. सासूपासून एवढं लपवायचं, तर ती नेमकी कोणत्या घरची ते तिनं ठरवावं. चंद्रकुमारचं वय काही गेलेलं नाही, एवढंच लिहिते.

यापुढे पत्र पाठवू नका. आलं तर फाडून टाकीन.

चंद्रकांता


साकोली
१० फेब्रुवारी २०२५

विहीनबाई,

फाडा, पन वाचून फाडा.

आमच्या गल्लीतली राखी आपल्या मावशीले पाहाले नागपूरच्या दवाखान्यात गेलती. तिथं तिले तुमी दिसल्या. तिच्याकडून समजलं का इवाईच्या घशाचं ऑपरेशन झालं, तंबाखूच्या खर्ऱ्यानं घात केला, अन् आवाज गेला तो गेलाच. सासऱ्याचं एवढं मोठं दुखनं सुनेले राखीनं सांगावं? जवाई दर पंधरा दिवसांनी येऊन राहिले माह्या घरी, डिंपलसंग बोलत बसतेत. हाव, येतेत. तुमाले हेबी माहीत नसन. पन त्यायनंबी तोंड उघडलं नाई. तुमी पोराले शपथ घातली म्हने.

डिंपल दुसऱ्याच दिवशी पैल्या बसनं नागपूरले गेली. तुमी तिले वार्डाच्या दारात अडवलं, म्हनल्या, आता काय खाऊ घालाले आली. ती तशीच परत आली. रडली नाई. कांदे चिरले, भात मांडला, संध्याकाळची सारी गिऱ्हाइकी एकटीनं केली. तुमी तिले ओळखतच नाई, विहीनबाई. ती रडते तवा तिले जरासक लागलं असते. रडत नाई तवा लय तुटली असते.

इवाई बरे व्हावे एवढंच देवाले म्हनते. तुमच्यासाठी काई मांगत नाई.

आनंदाबाई


मोहाडी
२१ फेब्रुवारी

आनंदाबाई,

तुमच्याकडे काही मागावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मागते आहे, ते ह्यांच्यासाठी.

ह्यांना घरी आणलं आहे. बोलता येत नाही. गिळता येतं, पण गिळत नाहीत. दवाखान्यात रेडिएशनचा शेक दिल्यापासून जिभेची चव गेली आहे. खीर दिली की तोंड फिरवतात, वरणाचं पाणी ओठांच्या कडेनं खाली येतं. अंगावर नुसती हाडं राहिली आहेत. चार दिवस सारखे गालावर हात ठेवत होते. मला वाटलं, दाढ दुखते. लवंगेचं तेल लावायला गेले तर माझा हात झटकला. शेवटी चंद्रकुमारनं पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "आई, बाबा गालफड मागतात."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मऊ असेल तर मागतील ते द्या, पोटात काहीतरी गेलं पाहिजे.

तेव्हा कसं करतात तेवढं लिहा. मटण इथे घेतलं तर गावभर होईल, म्हणून पुढच्या रविवारी चंद्रकुमार तुमच्याकडे येईल, त्याच्याजवळ द्या. शिजवून पाठवू नका. खायचंच असेल तर हे माझ्या हातचं खातील. डिंपलला पाठवू नका, आणि तुम्हीही येऊ नका.

चंद्रकांता


साकोली
२५ फेब्रुवारी

विहीनबाई,

आजारी मानसाच्या घासावर मी अडून बसत नाई, म्हून लिहून राहिली. तुमच्यासाठी नाई.

दोन्ही गाल मी आनते, केस भाजून, सुरीनं खरडून, हळद लावून डब्यात देते. तेवढं तुमच्यानं होनार नाई. पुढचं तुमी करा.

तुकडे मोठेच ठेवा. मिठाच्या पान्यात एक उकळी येऊ द्या, वर मळी येते, ते पानी फेका. वास येईन. नाकाले पदर लावू नका, वासावरूनच समजते कवा काय कराचं. मंग कढईत तेल नावापुरतं टाका, चरबी आपली आपन सुटते. चरबीची बाजू खाली ठेवून लाल करा अन् काढून ठेवा. त्याच चरबीत वाटन परता. अख्खे कांदे निखाऱ्यात भुंजा, सुकं खोबरं भुंजा, खसखस, धने, जिरं, चार मिरं अन् लसून. तुमच्या घरी लसून नाई, तो मी डब्यात टाकते. तिखट अजिबात नाई, त्यायचा घसा कच्चा आहे. पन आंबट पाहिजेन, नाई त चरबी तोंडात बसते. मी आंबाडीच्या सुक्या बोंडांचं पानी टाकते. बाकी चव गेली तरी आंबट जिभेले समजते.

मंग गाल परत टाका, बुडतीन एवढं गरम पानी, वर झाकन, अन् आच मंद. दुपार होऊ द्या. काडी टोचली अन् जोर न लावता आत गेली का झालं. वरून हिरवा सांबार, तुमची कोथिंबीर, बारीक चिरून.

डिंपलले पाठवत नाई. ती आता तुमच्या बोलावन्याची वाट पाहून राहिली नाई, हेबी लिहून ठेवते.

आनंदाबाई


मोहाडी
३ मार्च

आनंदाबाई,

तुम्ही जाणूनबुजून काहीतरी गाळलंत.

मी गळ्यातली माळ काढली नाही, खिशात लपवली नाही. ती घालूनच त्या मांसाला हात लावला आणि मग डोक्यावरून न्हाले. माझ्यासाठी ते काय होतं, तुम्हाला कळणार नाही. हे सकाळपासून उशीला टेकून बसले होते. वास आला तसे डोळे भरून आले त्यांचे. पहिला तुकडा तोंडात घेतला, चावत राहिले, चावत राहिले आणि ताटाच्या कडेला काढून ठेवला. रबर होता नुसता. रस्सा पाण्यासारखा आणि चरबी वर वेगळी तरंगत होती. मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कीव आल्यासारखं पाहिलं. त्यापेक्षा ताट भिरकावलं असतं तर बरं वाटलं असतं.

तुम्हाला हेच हवं होतं. ह्यांनी तुमच्याच हातचं मागावं, म्हणून मला अर्धं सांगितलंत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या जेवणातही वैर साधणारी बाई मी पाहिली नव्हती.

चंद्रकांता


साकोली
९ मार्च

विहीनबाई,

मी काई गाळलं नाई. गाळलं तुमी. जवाई आज आलते, त्यायले विचारलं. तुमी दारं-खिडक्या लावून कुकर मांडला अन् तीन शिट्ट्यात उतरवला. काहून? त शेजारची रुखमिणी वास घेईन म्हून.

तीन शिट्ट्यात डाळ शिजते. गालाले दुपार लागते. अन् दुपारभर शिजाचं म्हनजे दुपारभर वास सुटनार. अंगनातल्या चुलीवर केलं का गल्ली पाहनार. तुमाले त्यायचं पोट भराचं आहे का गल्लीचं तोंड बंद ठेवाचं आहे, पैले ते ठरवा. दोन्ही होत नाई. इवाईनं एवढी वर्सं लपवून खाल्लं ते गल्लीच्याच भेवानं, अन् आता तुमी लपवून शिजवून राहिल्या. नवरा-बायको सारखेच. मी उगाच त्यायलेच खोटं म्हनत होती.

होळीनंतरच्या रविवारी सकाळीच जवाईले पाठवा. डबा तयार ठेवते. यावेळी बिघडवलं त मी सोता येऊन तुमच्या दारात चूल मांडीन, मंग पाहू कोन कोन येते वास घ्याले.

आनंदाबाई


मोहाडी
१८ मार्च

आनंदाबाई,

रविवारी अंगणात चूल मांडली. फाटकसुद्धा लोटलं नाही.

रुखमिणी लगेच आली. फाटकाशी उभी राहून विचारलं, काय शिजतंय. मी सांगितलं, "डुकराचं गालफड. ह्यांच्यासाठी." ती आल्या पावली परत गेली. मग भजनी मंडळाचे मधुकरराव आले आणि बाहेरूनच म्हणाले की आता तुमच्याकडे गुरुवारचं भजन ठेवणं कठीण दिसतं. मी म्हटलं, नका ठेवू. बंटी मोटारसायकलवरून गेला आणि परत फिरून गेला. मी चुलीपासून उठले नाही.

तुम्ही लिहिलंत तसं नाक मोकळं ठेवलं. सुरुवातीला वास फार उग्र होता. मग ऊन चढलं तसा तो बदलत गेला. कांदा, खोबरं, चरबी, आंबाडी, कोणतं काय ते वेगळं सांगता येईना. हे इतकी वर्षं कशासाठी साकोलीला पळत होते ते मला तेव्हा समजलं. मी चाखलं नाही. चाखणारही नाही.

काडी आत गेली. मी वाटीत एक तुकडा घेऊन चमच्यानं दाबला, तर सुटा झाला. ह्यांनी तो जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि चावलंच नाही, तसाच गिळला. मग वाटी माझ्या हातातून काढून घेतली. रस्सा भातावर ओतला, कालवला, संपवला, बोटं चाटली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा ह्यांनी पोटभर खाल्लं. मी तिथेच बसून रडले. ह्यांनी तशाच चिकट हातानं माझी पाठ थोपटली.

तुमचे उपकार मानायचे नाहीत असं मी ठरवलं आहे. मला अंधारात ठेवलंत ते विसरणार नाही. पण ह्यांचं खोटं डिंपलच्या अंगावर आलं, तेही खरं आहे. शुक्रवारी मी स्वतः तिला न्यायला येते. जेवायला थांबणार नाही.

चंद्रकांता


साकोली
२२ मार्च

विहीनबाई,

तुमी काल आल्या. खाट टाकली तरी उभ्याच राहिल्या. पानी देलं त म्हनल्या, बसमंधी पेली. माफीचा एक शब्द नाई. मी वाट पाहत होती.

डिंपल तुमच्यासमोर आली अन् म्हनली, "आई, मी येते. पन पुन्हा दारातून फिरवाचं असन त आताच सांगा, मंग मी बॅगच भरत नाई." तुमी आत गेल्या, तिचे कपडे सोता घडी करून बॅगमंधी ठेवले अन् बॅग सोताच उचलली. याले मी माफी मानत नाई. पाहिलं, एवढंच लिहिते.

पन जातानी काय केलं तुमी? माह्या गंजापाशी थांबल्या, नाक पुढे केलं अन् म्हनल्या, आंबट जास्त झालं वाटते. माह्या चुलीपाशी उभं राहून मले. ज्या बाईनं जलमात एक घास खाल्ला नाई तिनं. तुमी शिवी देली असती त मले एवढा राग आला नसता. साऱ्या गिऱ्हाइकायनं आइकलं.

पोरीले नीट ठेवा. नाई ठेवलं त मोहाडीची बस माह्या दारासमोरूनच जाते.

आनंदाबाई


मोहाडी
७ एप्रिल

आनंदाबाई,

आंबट जास्तच झालं होतं.

ह्यांना नागपूरला दाखवून आणलं. वजन वाढलं आहे, डॉक्टर खूश होते, काय देता म्हणून विचारलं. डिंपलनं सांगितलं. डॉक्टर हसले.

डिंपल घरात नीट आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते, मीही कामापुरतं बोलते. हळूहळू होईल किंवा होणार नाही. आल्यावर तिनं एकदा गालफड केलं, अगदी तुमच्यासारखं. ह्यांनी अर्धी वाटी ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. काल मी केलं, तर वाटी पुसून खाल्ली. हे तुम्हाला कळवू नका असं डिंपल म्हणत होती. मला कळवावंसं वाटलं.

गुरुवारचं भजन आता मधुकररावांच्या घरी असतं. मी जाते. पहिल्या दिवशी बाया सरकून बसल्या, तर मला ऐसपैस जागा मिळाली.

चंद्रकुमार यापुढे रविवारी डब्यासाठी तिकडे येणार नाही. इथल्या आठवडी बाजारात सुखराम डुकराचं मटण विकतो. मी पिशवी घेऊन स्वतः त्याच्या दुकानापुढे उभी राहिले. आजूबाजूला आमच्या आळीतली माणसं होती. मी सुखरामला म्हटलं, दर बाजाराला दोन्ही गाल बाजूला काढून ठेवत जा. त्यानं आधी माझ्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं, मग विचारलं, कोणाच्या नावानं ठेवू.

मी माझं नाव सांगितलं.

चंद्रकांता